न वाचता फाडलेलं पत्र

आमच्याकडे मयतीच्या पत्राचा एक कोपरा फाडतात. पोस्टमननं हातात दिलं की न उघडताच कळते आत काय आहे ते. असं पत्र घरात नेत नाहीत. बाहेरच उभ्यानं वाचायचं, बाहेरच फाडायचं आणि अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करून मग उंबरठा ओलांडायचा. आता मयत मोबाईलवर कळते. कोपरा फाडायला कागदच राहिला नाही, म्हणून नवीन पोरांना हे ठाऊक नाही. त्यांना ठाऊक नाही म्हणून रिवाज खोटा होत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतील म्हातारा अडाणी होता. मी चौथी शिकलो आहे. बोट ठेवून वाचतो, पण वाचतो.

आणि तरी माझ्या पोराचं लढाईतून आलेलं पत्र मी न वाचता फाडलं. त्यात त्यानं मला एक गोष्ट विचारली होती, हो की नाही एवढंच सांगा म्हणून. त्याचं उत्तरही मी देऊन टाकलं. तेही न वाचता. त्याचा संताप अजून माझ्या डोक्यातून गेला नाही. आधी दुसऱ्यांवरचा सांगतो, मग माझ्यावरचा.

आमचं गाव सौंसर तहसिलीतलं, मोहगावपासून जवळ. कापूस आणि संत्रा, दुसरं काही नाही. एकच पोरगा, तो फौजेत गेला. त्याचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा आमचं विहिरीजवळच्या झाडांवरून वाजलं. ती संत्र्याची झाडं मी माझ्या हातानं लावलेली. त्यांना डिंक्या लागला होता, बुडाशी साल फुटून डिंक गळत होता. तो म्हणे, "काढून टाका, बाबा, बाकीच्या बागेले लागन." मी म्हटलं, "मी जिवंत आहो तोवर त्या झाडांले कोणी हात लावायचा नाही." त्याला गाडीत बसवून द्यायला पांढुर्ण्याच्या स्टेशनपर्यंत गेलो, पण बोललो नाही. तोही नाही बोलला. माझाच पोरगा तो.

महिनाभरात सीमेवर लढाई सुरू झाली. टीव्हीवाले असे बोंबलत जणू त्यांच्याच पोटची पोरं वर पहाडात लढायला गेली आहेत. एकाच्याही घरचं कोणी गेलं नव्हतं. ज्यांनी बंदूक फक्त बँकेच्या दारात पाहिली, ते लोक आमच्या ओट्यावर येऊन मला सांगत, "काका, आता आरपार झालं पाहिजे." मी म्हणे, "जा ना मग, पांढुर्ण्यावरून गाडी आहे." त्यांना राग येई. येऊ दे.

वरच्या ठाण्यावर मोबाईल जमा करून घेतले, म्हणून फोन बंद झाले आणि पत्रं सुरू झाली. निळी अंतर्देशीयं. पहिली दोन सुनेच्या नावानं आली. ती बारावी शिकलेली, भरभर वाचे. आधी मनात वाची, मग सासूला मोठ्यानं वाचून दाखवी, आणि मधल्या दोन-तीन ओळी गाळी. त्या कोणत्या, हे म्हातारीला आणि मला दोघांना समजे. उत्तरही तीच लिही. शेवटी मला विचारी, "मामाजी, तुमच्याकडून काय लिहू?" मी म्हणे, "लिही, झाडं उभी आहेत."

एवढंच. दोन्ही वेळा एवढंच लिहायला सांगितलं मी. लढाईवर गेलेल्या पोराला.

तिसरं पत्र माझ्या नावानं आलं. मी बागेत होतो. बाग सडकेला लागून आहे. पोस्टमननं फटफटी थांबवली, "काका, तुमचं पत्र," म्हणून हातात दिलं आणि गेला. नवीन पोरगा, दुसऱ्या जिल्ह्यातला. त्याला काय माहीत त्यानं काय दिलं?

वरचा डावा कोपरा फाटलेला होता. बोटभर तुकडा काढून घेतलेला. पत्ता इंग्रजीत, अक्षर पोराचं नव्हे. मागं पाठवणाऱ्याच्या जागी नुसते आकडे.

मी बागेच्या कडेला, धुऱ्यावर बसलो. किती वेळ बसलो ते नाही सांगता येत. लोक विचारतात, उघडून का नाही पाहिलं? काय पाहायचं होतं? पोरगा गेला हे कोपऱ्यानं सांगितलं. कसा गेला, गोळी कुठं लागली, हे मला एक-एक अक्षर जुळवत, बोट सरकवत वाचायचं नव्हतं. दुसरा माणूस झरकन वाचून मोकळा होते. मला एकेका शब्दावर थांबावं लागते. पोराच्या मरणावर तसं थांबायची माझी छाती नव्हती.

मी ते पत्र बारीक-बारीक फाडलं आणि पाटाच्या पाण्यात सोडलं. मोटार चालू केली आणि धोतर-सदऱ्यासकट पाइपाखाली बसलो.

मनात ठरवलं होतं की म्हातारीला एकदम सांगायचं नाही. तिला बीपी आहे. आधी तिच्या भावाला बोलवायचं, मग हळूहळू. असा विचार करत भर दुपारी गावातून घरी आलो. म्हातारी अंगणात तूर पाखडत होती. तिनं वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"अजी, कोण गेलं?"

मी ओल्या कपड्यांनी चाललो होतो. अंगावरून पाणी गळत होतं. सांगायचं नाही म्हणून ठरवणारा मी, आणि अख्ख्या गावाला सांगत आलो होतो. "फौजेतून पत्र आलं," एवढंच मी म्हटलं, आणि तिनं जो हंबरडा फोडला तो मला आता सांगायचा नाही.

शेजारपाजार जमला. सून रांधणीतून बाहेर आली. हाताला पीठ होतं. ती रडली नाही. सरळ माझ्यासमोर आली.

"मामाजी, पत्र कुठं आहे?"

"फाडलं."

"काय लिहिलं होतं त्यात?"

"असल्या पत्रात लिहितात तेच."

"तुम्ही वाचलं?"

तोवर अंगणात वीस-पंचवीस माणसं झाली होती. पलीकडच्या घरचे बाप-लेक होते, सोसायटीत बसणारे दोघं होते. सगळे माझ्या तोंडाकडं पाहून राहिले होते. त्यांना सांगू, की पत्र हातात होतं आणि माझी वाचायची हिंमत झाली नाही?

"वाचलं," मी म्हटलं. "मी स्वतः वाचलं. मले वाचता येत नाही का?"

"फौजेतून असं पत्र येत नसते, मामाजी. ते फोन करतात, माणूस पाठवतात. आधी कचेरीत विचारू."

ती बरोबर बोलून राहिली होती. हे मला तेव्हाच समजलं होतं. पण चारचौघांत सून सासऱ्याला शिकवते, एवढंच माझ्या डोक्यात गेलं. "तू शिकलेली आणि मी खोटा, असं आहे का?" मी ओरडलो.

माझी मोठी बहीण दोन घरं सोडून राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. ऐन जवानीत तिचा नवरा गेला, तेव्हापासून तिच्या हातात बांगडी नाही. ती गर्दीतून आली आणि तिनं सुनेचा हात धरला. सुनेनं हिसडा दिला.

"आत्या, सोडा. आधी फोन येऊ द्या."

"काय फोन येऊ द्या? त्यानं डोयानं वाचलं म्हणते ना! बाप खोटं बोलन का पोराचं?"

आणखी दोन बायांनी दुसरा हात धरला. मी पायरीवर बसलो होतो, ओल्या धोतरात. सून माझ्याकडं पाहत होती. बाकी कोणाकडं नाही, माझ्याकडं. एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं. "नाही वाचलं" म्हटलं असतं तर थांबलं असतं. मी मान खाली घातली. दगडावर काच फुटल्याचा आवाज ऐकला, आधी एका हाताचा, मग दुसऱ्या. तिच्या मनगटावर लांब ओरखडा गेला. त्याची खूण आजही आहे.

अक्कावर मला राग आहेच. तिच्यासोबत जे झालं ते दुसरीसोबत करायची तिला इतकी घाई का, हे मी तिला तोंडावर विचारलं आहे. ती म्हणाली, "तू काहून बसून होता मग?" त्यानंतर महिनाभर मी तिच्या दारात गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. सौंसरहून छापून आणला होता. पोराचा लग्नातला फोटो, त्यातून सुनेला कापून काढलेलं, डोक्यावर फौजी टोपी चिकटवलेली, खाली "अमर रहे". आणि कडेनं हात जोडलेल्या पंधरा लोकांचे फोटो. यांतल्या एकानंही कधी माझ्या पोराला विचारलं नव्हतं, बाबू कसा आहेस म्हणून. मृतदेह कधी येणार, नेते कोण येणार, मंडप कुठं टाकायचा, हीच चर्चा. एकजण मला म्हणे, "काका, चौकाले त्याचं नाव देऊ." मी म्हटलं, "माझ्या समोरून हट, नाहीतर तुलेच फ्लेक्सवर चढवतो."

त्याच दिवशी, चार वाजले असतील, सुनेचा मोबाईल वाजला. ती कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. नंबर अनोळखी. तिनं उचलला, ऐकलं, आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "हाव, बोला. सगळे बरे आहेत." तिचा आवाज सरळ होता. फोडलेल्या बांगड्यांचं तिनं काही सांगितलं नाही.

मग तिनं तो फोन सगळ्यांसमोर माझ्यापुढं केला. "मामाजी, तुमच्याशी बोलायचं आहे त्यांले."

पोराचा आवाज. जिता आवाज.

"बाबा, पत्र भेटलं का?"

तेव्हा मला कळलं की मी काय फाडलं. कोपरा फाटलेलं ते पत्र त्याचंच होतं. अंगणभर माणसं उभी होती. काल यांच्यासमोरच मी म्हटलं होतं, स्वतः वाचलं म्हणून.

"भेटलं," मी म्हटलं.

"मग काय म्हणता? हो का नाही, तेवढं सांगा. दोनच मिनिटं देऊन राहिले आम्हाले. परवा वर जातो."

आता सांगा. काय विचारलं असेल त्यानं? माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, विहिरीजवळची झाडं. त्यावरूनच वाजलं होतं, त्यावरूनच दोघांचं बोलणं बंद होतं. मला वाटलं, हा लढाईवर बसूनही तेच धरून आहे. पोरगा जिता आहे याचा आनंद, आणि त्याच्याच वर हा राग. राग जास्त झाला.

"मी जिवंत आहो तोवर ते होणार नाही," मी म्हटलं. "तू आपलं काम कर."

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"बरं, बाबा," तो म्हणाला. फोन कटला.

गावाला मोठा आनंद झाला. पेढे वाटले. जो तो मला म्हणे, "काका, मेल्याची खोटी बातमी आली म्हणजे आयुष्य वाढते माणसाचं." हसून म्हणत. ज्यांनी काल मंडपाची जागा मोजली तेच. फ्लेक्स कोणीच काढेना, सगळ्यांचे फोटो होते ना त्यावर. मीच शिडी लावून काढला आणि चुलीत घातला. घरभर घाण धूर झाला.

दुसऱ्या सकाळी अक्का हिरव्या बांगड्या घेऊन आली. तोंड पाडून आली होती, ते कबूल करतो. सुनेनं बांगड्या पाहिल्या आणि परत तिच्या हातात दिल्या.

"नको, आत्या. हातात असल्या म्हणजे पुन्हा कोणीतरी हात धरन. नसल्या तर कोणाले धरावा लागणार नाही."

तेव्हापासून तिचे हात मोकळेच. एका हातात घड्याळ घालते. बाया कुजबुजतात, सवाशीण असून म्हणून. तिनं कान दिले नाहीत. आणि मला त्या दिवसापासून ती पहिला चहा देते, ताट वाढते, सगळं करते, पण "मामाजी, तुमच्याकडून काय लिहू?" हे पुन्हा विचारलं नाही. पोराची पत्रं आली ती तिच्याच नावानं. माझं त्यात काही नसे.

लढाई थांबली. संत्रा तोडणीच्या दिवसांत तो सुट्टीवर आला. पाया पडला, पण माझ्याशी बोलला नाही. आपल्या मरणाची गोष्ट त्याला बसस्टँडवरच लोकांनी हसत-हसत सांगितली होती. बायकोचे हात पाहून त्यानं तिला विचारलं असेल. ती म्हणाली असेल, मामाजींना विचारा. तिसऱ्या दिवशी तो बागेत आला. मी कॅरेटमध्ये संत्रे भरत होतो.

"बाबा, माझ्या मरणाचं पत्र कोणी पाठवलं होतं? कोणाची सही होती त्यावर?"

मी आणखी चार संत्रे भरले. मग म्हटलं, "निळं होतं. पत्ता इंग्रजीत. कोपरा फाटलेला."

तो खालीच बसला.

"ते माझं पत्र होतं, बाबा."

"माहीत आहे."

"तुम्ही वाचलं नाही?"

"नाही."

माझ्या तोंडून हा शब्द निघायला इतके महिने लागले, आणि निघाला तेव्हा संत्र्यांशिवाय ऐकायला कोणी नव्हतं.

मग त्यानं सांगितलं. थंडीनं त्याच्या उजव्या हाताची बोटं गेल्यासारखी झाली होती, पट्टी बांधलेली होती. आतल्या चार ओळी त्यानं डाव्या हातानं लिहिल्या. पत्ता वाकडा झाला तर पोचायचं नाही, म्हणून तो सोबतीच्या पोराला लिहायला सांगितला. ते पोरगं दूर दक्षिणेकडचं. खाली जाणाऱ्या गाडीवाल्याला आपल्या घरचा नंबर द्यायचा होता, दुसरा कागद नव्हता, म्हणून त्यानं याच पत्राचा कोपरा फाडून त्यावर लिहून दिला. त्यांच्याकडं हा रिवाज नाही, आणि माझा पोरगाही नवीन पोरांतलाच, त्यालाही ठाऊक नव्हता. त्या पोरावर कसा रागावू? तो पुढं तिथंच राहिला, परत आला नाही.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"लिहिलं होतं, मी वर जाऊन राहिलो. परत नाही आलो तर हिच्या बांगड्या कोणाले फोडू देऊ नका. अक्काआत्यासारखं हिले माझ्या नावानं बसवून ठेवू नका. घरची पोरगी समजून हिचं दुसरं लग्न करून द्या. फक्त हो म्हणा, मग मले काही भेव नाही."

आणि मी म्हटलं होतं, मी जिवंत आहो तोवर ते होणार नाही.

"मग तेव्हाच काहून नाही भांडला?" मी ओरडलो. खरंच ओरडलो, तोडणीच्या बाया वळून पाहू लागल्या. "बरं म्हणून फोन काहून ठेवला? झाडांवरून भांडता येते तुले, यावरून नाही आलं?"

"दोन मिनिटं होती, बाबा. आणि तुमच्यासोबत दोन मिनिटात कोण जिंकलं आजवर?" मग म्हणाला, "सतरा दिवस वर होतो. गोळीचं भेव नाही वाटलं. आपण मेलो तर हिचं काय करन आपला बाप, याचंच वाटे."

तो ड्यूटीवर परत गेला त्या आठवड्यात मी मोहगावच्या पोस्टातून एक अंतर्देशीय आणलं. सुनेकडून लिहून घेतलं नाही. दोन दिवस लागले. मी लिहिलं की तू विचारलं त्याचं उत्तर हो. मी ते न वाचता फाडलं होतं. वाचलं म्हणून सांगितलं ते खोटं. आता मी असो की नसो, हिच्यावर कोणी हात टाकणार नाही, आणि हिनं म्हटलं तसं होईल. झाडं मात्र काढणार नाही, ती या पत्रातली गोष्ट नव्हे.

पत्र सुनेला दिलं. तिनं अंगणात उभ्यानं वाचलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मामाजी, हे चारचौघांत वाचा. खोटंही चारचौघांतच बोलले होते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. या वयात, सून मला असं म्हणते! मी आत जाऊन बसलो. जेवलो नाही. म्हातारी म्हणाली, "उपाशी राहून अक्षरं कमी होणार आहेत का त्यातली?"

दुसऱ्या दिवशी अक्काला बोलावलं, त्या दोन बायांना बोलावलं, पलीकडच्या बाप-लेकांना आणि सोसायटीवाल्यांना बोलावलं. पायरीवर, त्याच जागी, मी बसलो आणि बोट ठेवून वाचायला लागलो. पहिल्याच ओळीवर अडलो. माझंच अक्षर, तरी अडलो.

पलीकडच्या घरचा लेक म्हणाला, "काका, आणा, मी वाचतो."

"गप बस," मी म्हटलं. "मी वाचतो."

शेवटपर्यंत वाचलं. "खोटं" या शब्दावर कोणीतरी खाकरलं. अक्का मधेच उठली, दारापर्यंत गेली, आणि तिथं पाठ करून उभी राहिली. पण गेली नाही. ऐकलं तिनं.

सुनेनं माझ्या हातातून पत्र घेतलं. भाताचं शीत लावून कडा चिकटवल्या. चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवून पाहिला, आणि स्कूटी काढून स्वतः मोहगावला टाकायला गेली.